वधस्तंभ आणि क्रूस

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तली मराठी भाषेची स्तुती आपल्याला ठाऊक असते, कारण ती अभ्यासक्रमातून भेटते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातल्या त्या मूठभर ओव्यांवर आपण या कवीची बोळवण केली आहे. ग्रंथ ज्यासाठी रचला गेला, तो भाग दुसऱ्या पुराणात पुढे येतो : ख्रिस्ताच्या यातना. वर्ध्याला आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून मी तो वाचला. मी ख्रिस्ती नाही. आणि ‘दुःखातच देवाचं प्रेम कळतं’ हे वाक्य मला नेहमी धडधाकट माणसानं रोग्याला ऐकवलेलं वाटत आलं आहे. त्यामुळे वाचताना मी जरा कुरबुरतच होतो.

स्टीफन्सपुढची अडचण वाङ्मयीनही होती. १६१६ साली राशोलला छापलेलं हे पुराण साष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी होतं. त्यांचे कान पुराणांवर पोसलेले, आणि पुराणातला देव शेवटी दैत्याला मारतो. इथे देवच फटके खातो, काट्यांचा मुगुट घालतो, खिळला जातो. स्टीफन्स ओवी ठेवतो, ‘वैकुंठ’ हा शब्दही ठेवतो. पण कथेला विजयाकडे घाई करू देत नाही. दुःखाचं कारण समजावण्यापेक्षा दुःखाशेजारी थांबणं त्याला अधिक जमतं. मला हे त्याचं खरं कवित्व वाटतं.

मराठीत या खांबाला दोन नावं आहेत. प्रॉटेस्टंट बायबलनं ‘वधस्तंभ’ रूढ केला. कॅथलिकांच्या तोंडी ‘क्रूस’ राहिला, वसईकडे उपवासकाळात होते ती ‘क्रुसाची वाट’. वधस्तंभ म्हटलं की तिथे काय घडलं ते लपत नाही. क्रुसाचं मात्र चुंबन घेता येतं, तो गळ्यात घालता येतो. जवळीक वाढते आणि वध विसरला जाण्याचा धोकाही.

तो धोका गोव्यात प्रत्यक्ष होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि सूड म्हणून गावच्या मुखत्यारांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं गेलं. स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होता. ज्या सत्तेनं देवळं पाडली, तिच्या आश्रयानं हे यातनांचं काव्य उभं आहे. हे बाजूला ठेवून त्यातल्या प्रेमाविषयी बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

वर्ध्याच्या वाचकाला इथे गांधी आठवणारच. डिसेंबर १९३१ मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमधल्या क्रुसावरच्या मूर्तीपुढे त्यांचे डोळे भरून आले. १९४२ मध्ये लुई फिशरला सेवाग्रामच्या मातीच्या भिंतीवर येशूचं चित्र दिसलं. येशू देवाचा एकुलता एक पुत्र, हे मात्र गांधींनी कधी मानलं नाही. त्यांच्यासाठी क्लेश सोसणं हे सत्याग्रहाचं साधन होतं. स्टीफन्सकडे ते साधन नाही. माणूस दुःखात आधीच पडलेला आहे आणि देव तिथवर उतरतो, एवढंच. कॅथलिक श्रद्धेतलं ‘दुःखातलं प्रेम’ ते हेच असेल, तर माझी तक्रार बरीच ढिली पडते. रोग्याला काही शिकवायचं नसतं, त्याच्याजवळ जायचं असतं. कुष्ठरोगानं ग्रासलेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधी स्वतः त्यांना मालिश करत. सिद्धान्त दोघांचे वेगळे असले, तरी त्या कुटीत अंतर कमी झालेलं दिसतं.

एका रात्री आईनं विचारलं, “काय वाचतोस रे?” मी थोडक्यात गोष्ट सांगितली.

“त्याची माय कुठं होती तवा?”

“तिथंच. क्रुसाखाली उभी.”

“मंग तिचं वाच,” ती म्हणाली. मी पानं मागे उलटली. जुनी मराठी तिला अर्धीमुर्धीच कळत होती, तरी झोप लागेपर्यंत तिनं थांबू दिलं नाही.