नकाराचा आजार

विज्ञानकथा म्हटली की आपली पोरं नाक मुरडतात. यानं, यंत्रमानव, परग्रह... पोट भरलेल्यांचे खेळ, म्हणतात. मी म्हणतो, येवगेनी झाम्यातिनची ‘आम्ही’ वाचा आणि मग बोला.

झाम्यातिन बोल्शेविकांतलाच. १९०५ च्या उठावात झारनं त्याला तुरुंगात घातलं. १९२२ साली क्रांतीच्या सरकारनंही घातलं. १९२०-२१ मध्ये लिहिलेली ही कादंबरी १९२४ साली इंग्रजीत आली. त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं.

कादंबरीतल्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची. दरवर्षी निवडणूक, उमेदवार एकच. मतदान सगळ्यांदेखत, हात वर करून. आणि एका वर्षी ‘विरोधात कोण?’ म्हटल्यावर हजारो हात वर जातात! दुसऱ्या दिवशी सरकारी पेपर काय म्हणतो? ही मतं मोजायचीच नसतात. मैफलीत कुणी आजारी माणूस खोकला, तर तो खोकला काय गाण्यात धरायचा?

इथं झाम्यातिननं सत्तेची नस बरोबर पकडली. नकाराला उत्तर द्यायचं, तर नकार देणाऱ्याला आधी माणूस मानावं लागतं. त्यापेक्षा त्याला रोगी ठरवणं सोपं. मग वाद मिटतो, उपचार सुरू होतात. कादंबरीतलं राज्य माणसाच्या मेंदूतली कल्पनाशक्तीच क्ष-किरणांनी जाळून टाकतं.

हे सगळं कल्पनेतलं वाटतं ना? मग ऐका. १९७० साली जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेवनं विज्ञानातल्या सरकारी दडपशाहीवर लिहिलं, म्हणून सोव्हिएत सरकारनं त्याला कलुगाच्या मनोरुग्णालयात १९ दिवस डांबलं. शास्त्रज्ञ-लेखकांनी बोंब मारली, तेव्हा कुठं सुटला.

तरी माझं या पुस्तकाशी भांडण आहे. वही लिहितो डी-५०३, राज्याचं यान बांधणारा गणिती. बंड करते आय-३३० ही बाई. ती आपल्याला दिसते ती त्याच्या वासनेतून, त्याच्या भीतीतून. ती बंडाकडे आली कशी, तिनं काय सोसलं, याचा पत्ता नाही. शेवटी ऑपरेशन झालेला हा गडी तिचा छळ थंडपणे बघतो आणि लिहून ठेवतो. ती मात्र तोंडातून एक शब्द काढत नाही. आख्ख्या पुस्तकात धडधाकट काय असेल, तर तिचं ते न बोलणं.

मला तिची वही वाचायची होती. ती झाम्यातिनला देता आली नाही. मित्रांनो, बंडखोराची वही बंडखोरालाच लिहावी लागते.