ग्रहांची चित्रे आणि पाहणाराची नजर

छायाचित्र म्हणजे सृष्टीचे निर्विकार प्रतिबिंब, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. आणि ते यंत्राने आपले आपण काढलेले असले म्हणजे तर शंकेस जागाच उरत नाही. ग्रहांची रंगीत चित्रे भाविकपणे छापली व पाहिली जातात ती याच समजुतीने. आम्हांस ती मान्य नाही. १९७६ साली अमेरिकेच्या व्हायकिंग यानाने मंगळभूमीवरून पाठविलेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर दाखविले गेले. पुढे रंगांचे प्रमाण तपासता ते गुलाबीसर ठरले. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने प्रकाशाची मापे तेवढी धाडली. रंग बसविणारी नजर पृथ्वीवरची होती.

आपल्या मंगळयानाने २०१४ साली ७४,५०० किलोमीटरांवरून टिपलेले मंगळाचे पूर्ण बिंब देखणे आहे, यात वाद नाही. तथापि आम्हांस अधिक मोलाची वाटतात ती चांद्रयान-३ मधील प्रज्ञान गाडीची दोन कृष्णधवल चित्रे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी या सहा चाकी, २६ किलोग्रॅमच्या गाडीपुढे तीन मीटरांवर एक खळगा आला. पृथ्वीवरून आज्ञा सुटली आणि ती माघारी वळली. एका चित्रात तो खळगा आहे, दुसऱ्यात परतीची वाट. ही चित्रे शोभेसाठी नव्हेत, वाट शोधण्यासाठी काढलेली; म्हणूनच त्यांत दिखाऊ असे काही नाही. करडी माती आणि तीवर उमटलेला चाकांचा माग! ज्याने चिखलातून बैलगाडी मागे फिरविली आहे, त्यास हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

दोष आहे तो छापणारांचा. खळग्याचा व्यास चार मीटर. हा आकडा गाळला की कोणी त्यास दरी समजेल, कोणी परात. मोजमापावाचून ग्रहचित्र मुके होय.

लोणार तालुक्यातील बीबीच्या वाचकाजवळ मात्र घरचीच मोजपट्टी आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले. त्यास ज्वालामुखीचे मुख मानणारे विद्वान कमी नव्हते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, आघाताने काचरूप झालेल्या खनिजांच्या पुराव्यावर, तो वाद बहुतांशी मिटविला. खडक बेसाल्टचा, म्हणूनच चंद्रावरील विवरांशी त्याची तुलना करतात. प्रज्ञानला अडविणारे साडेचारशे खळगे त्याच्या व्यासावर ओळीने मांडता येतील. असो. बीबीच्या एखाद्या शाळेने भिंतीसाठी चित्र मागितलेच, तर आम्ही तांबडे मंगळबिंब न देता हे करडे चित्र देऊ, आणि खाली ठळक अक्षरांत ‘४ मीटर’ एवढेच लिहू.