पिच, पाणी आणि पाहुणे

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, हल्ली मिसळीचेही होते. पण उन्हाळा हा एवढा मोठा तीन महिन्यांचा प्रयोग, खर्चिक, गर्दीचा आणि प्रेक्षकांना उठून जाण्याची सोय नसलेला. त्याच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. आम्ही आजवर साठाच्या वर उन्हाळे पाहिले (बहुतेक बनियनवर). त्या अधिकाराने सांगतो, की २०१६ सालासारखा प्रयोग पुन्हा पाहिला नाही. पात्रे नेहमीचीच. राजकारण, क्रिकेट आणि सणवार. एरवी ही मंडळी आपापल्या कोपऱ्यात कामे करतात. त्या वर्षी तिघांची एकाच गोष्टीवरून जुंपली, आणि ती गोष्ट होती पाणी.

नांदी झाली २४ मार्चला, धुळवडीच्या दिवशी. राज्यात दुष्काळ, म्हणून कोरडा रंग खेळा, असे सगळीकडून आवाहन. आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत ते लिहिले, 'आवाहन'मधला 'वा' तेवढा ऱ्हस्व काढला. मुले खरोखर कोरडी खेळली. पण कोरडा रंग लावायला पाणी लागत नाही, काढायला लागते, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. दुपारी बारा वाजता सोसायटीची टाकी कोरडी झाली.

त्यानंतरचा अंक लातूरचा. मांजरा धरण आटले, नळ बंद पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आमच्या पिढीने रेल्वेतून धान्य जाताना पाहिले, वऱ्हाड जाताना पाहिले, साडेतीनशे किलोमीटर पाणी जाताना प्रथमच पाहिले. याच आठवड्यात, दुष्काळ पाहायला येणाऱ्या मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरची धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर दहा हजार लिटर पाणी मारल्याची बातमी वाचली. दुष्काळ नीट दिसावा म्हणून तो आधी थोडा भिजवून घ्यावा लागतो, ही राज्यकारभारातली खुबी आम्हा पेन्शनरांना कशी कळणार?

आणि १३ एप्रिलला मुंबई हायकोर्टाने सांगितले, ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. खेळपट्ट्यांना सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असा याचिकेतला हिशेब होता.

आमच्या कट्ट्याचे दोन तट पडले. एक म्हणे, माणसांना प्यायला नाही आणि गवताला कसले पाणी घालता? दुसरा म्हणे, सामने गेले म्हणून लातूरच्या नळाला धार येणार आहे काय? आमचे मत विचाराल तर दोघेही बरोबर होते, म्हणून तर भांडण तीन आठवडे टिकले. कोर्टाचा प्रश्न रास्तच होता. पण क्रिकेट हा सोयीचा आरोपी होता. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांवर उभा असलेला ऊस सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो, हे जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्याला विशाखापट्टणमला पाठवा, असे म्हणायची छाती कोणाची नव्हती. ऊस निवडणूक लढवतो, पिच लढवत नाही.

पिचची रवानगी झाली. पुण्याचा संघ आपले 'घरचे' सामने विशाखापट्टणमला खेळू लागला, अंतिम सामना मुंबईहून बंगलोरला गेला. एक सामना मात्र तयारीला वेळ नाही म्हणून कोर्टाने राहू दिला. पुणे विरुद्ध मुंबई, गहुंजे, तारीख १ मे. म्हणजे बरोबर महाराष्ट्र दिन. त्यातही त्या वर्षी तो रविवारी आला! हक्काची सुट्टी बुडाल्याचे दुःख आमच्या मुलाच्या बँकेत दुष्काळापेक्षा मोठे होते.

तिकिटे आमच्याकडे होती. आणि पाहुणेही होते. लातूरचे आमचे साडू, बायको आणि दहा वर्षांच्या मुलासह 'सुट्टीला' आले होते. सुट्टी हा शब्द त्यांचा. दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन येणारा हा गृहस्थ या वेळी मळक्या कपड्यांचे गाठोडे घेऊन आला, तेव्हा आमची ही काय ते समजली आणि तिने न बोलता वॉशिंग मशीन लावले.

पुण्यातही पाणी एक दिवसाआडच होते. २०१५च्या पावसाने दगा दिल्यापासून आम्ही त्यावर रीतसर कुरकुरत होतो. पाण्याच्या दिवशी पहाटे पाचला नळ फुसफुसला, की आमच्या घरात एक विधी होत असे. परवाचे उरलेले पाणी शिळे, म्हणून कळशी, पिंप, दोन पातेली मोरीत ओतायची आणि ताजे भरायचे. वर्षानुवर्षे चाललेले हे कर्म. पाहुणे आल्यानंतरच्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी आम्ही कळशी उपडी केली आणि मागून आवाज आला,

"काका, चांगलं पाणी कशाला सांडायलाव?"

मुलगा दारात उभा होता. डोळे झोपेने अर्धे मिटलेले, पण पाण्याचा आवाज ऐकून उठलेला.

"अरे, शिळं आहे ते."

"शिळं म्हणजे?"

आता आली का पंचाईत! भात शिळा होतो, बातमी शिळी होते. पाणी कसे शिळे होते, ते आम्हाला सांगता येईना. खडकवासल्याच्या धरणात ते महिनोन्‌महिने असते, तिथे शिळे होत नाही, आमच्या कळशीत दोन दिवसांत होते. ही मागून म्हणाली, "ठेवा ती कळशी खाली." आम्ही ठेवली.

सामन्याला त्यालाच घेऊन गेलो. पुण्याने १५९ केल्या, रोहित शर्माने नाबाद ८५ काढून मुंबईला आठ गडी राखून जिंकून दिले. आजूबाजूचे पुणेकरही मुंबईसाठी टाळ्या वाजवत होते. घरचा संघ यापुढे आंध्रात राहणार म्हटल्यावर माया पातळ होतेच. पोरगा मात्र धावफलकाकडे बघत नव्हता. दिव्यांच्या उजेडात हिरवेगार चमकणाऱ्या त्या गवताकडे बघत होता.

"काका, ह्याला रोज पाणी घालतेत?"

"सांडपाणी शुद्ध करून वापरू, असं त्यांनी कोर्टात सांगितलंय."

"मग आमच्याकडं का नाही देत ते शुद्ध करून?"

तेवढ्यात कोणीतरी चौकार मारला. आम्ही मोठ्याने टाळ्या वाजवल्या, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ.

आठवड्याने पाहुणे निघाले. हिने धुतलेले कपडे घडी करून दिले, बाकरवडीचा पुडा दिला, मुलाच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. साडूभाऊ चपला घालताना घुटमळले.

"एखादा रिकामा कॅन आहे का हो?"

होता. वीस लिटरचा. तो दिवस बिनपाण्याचा, नळ दुसऱ्या दिवशी पहाटे येणार. आम्ही पिंपातले शिळे पाणी गाळून कॅनमध्ये भरले. साडूभाऊंनी झाकण दोनदा घट्ट केले आणि रिक्षात तो मांडीवर घेतला. बाकरवडी मागे, सामानात ठेवली.