पेल्यातील कारागिरी

धर्मगुरूने मद्यगृहाची समीक्षा लिहावी, हे आमच्या काही वाचकांस खटकेल. त्यांनी थोडा धीर धरावा. बेल्जियममधील वेस्टमाले येथील ट्रॅपिस्ट संन्याशी 1836 पासून बिअर तयार करीत आले आहेत, आणि त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेत खंड पडल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या दोन वर्षांत कामानिमित्त अक्कलकुव्याहून पुण्यास चार वेळा जाणे झाले. नगर रस्त्यावरील ज्या पेपल सेमिनरीत आम्ही शिकलो, तिच्यापासून फार दूर नसलेल्या एका मद्यगृहात चारही वेळा आम्ही रात्रीचे भोजन घेतले. निमित्त इतकेच, की मोलगीकडील आमच्या परिचयाचा एक तरुण तेथे नोकरीस आहे. अशा ठिकाणांना मायक्रोब्रुअरी म्हणतात. बिअर कारखान्यातून बाटलीबंद न येता त्याच छपराखाली तयार होते. पुण्यात ही प्रथा 2009 मध्ये डुलाली नावाच्या गृहाने रूढ केली. गंमत अशी, की वेडसरपणा सांगणारा हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे. मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांनी तो घडविला. आम्ही गेलो ते गृह मात्र वेगळे.

पहिल्या भेटीत गव्हाची बिअर घेतली. रंग गढूळ, वास पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. त्यात केळे नसते नि लवंगही नसते. हा सारा यीस्टचा प्रताप. पेय उत्तम होते. सोबतच्या पदार्थांविषयी तसे म्हणवत नाही. तळलेले बटाटे, चीजखाली गुदमरलेला पिझ्झा, आणि सर्वांत मिठाचा सढळ हात. हे अन्न भुकेसाठी रांधलेले नव्हते, तहान वाढविण्यासाठी रांधलेले होते. दुसऱ्या खेपेस काळी स्टाउट घेतली. भाजलेल्या जवाचा कडवटपणा कॉफीची आठवण करून देणारा. तिच्यासोबत मागविलेल्या मटणाने त्या रात्रीपुरती स्वयंपाकघराची अब्रू राखली. तिसऱ्या खेपेची कोकमाची बिअर केवळ नावीन्याची हौस होती. कोकमाने जवाला बोलूच दिले नाही. आणि संगीत असे, की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागे. जेथे संभाषण अशक्य होते त्या पंक्तीला आम्ही भोजन म्हणावयास तयार नाही.

चौथ्या भेटीत त्या तरुणाने काचेमागील पोलादी टाक्या दाखविल्या. जव भिजवून मोड आणावयाचे, वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यात ठेवून पिष्टाची साखर होऊ द्यावयाची, मग हॉपची फुले घालून उकळावयाचे आणि निवल्यावर यीस्ट सोडावयाचे. तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या बोलण्यात शिक्षकाचा आत्मविश्वास होता. मध्येच थांबून म्हणाला, "फादर, माझ्या आजीचंही असंच असतं. फक्त मोहाला मोड आणावे लागत नाहीत. साखर फुलातच असते."

हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. चैत्रात पहाटे गळलेली फुले वेचणे, वाळविणे, किती दिवस भिजवावी हे वासावरून ओळखणे, ही कारागिरी नव्हे तर काय? परंतु 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरच्या भट्टीवर टाच आणली, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याने तिच्यावरील गुन्ह्याचा शिक्का कायम केला. नातू त्याच विद्येबद्दल पगार घेतो, आजी पोलिसांची गाडी दिसली की मडके लपविते. सीमेपलीकडे, दारूबंदी असलेल्या गुजरातेत, देवमोगऱ्याला याहामोगी मातेस मोहाची धार अर्पण होते, हाही विरोधाभास आमचे लोक जाणतात.

तथापि या तुलनेस मर्यादा आहे. बिअर केवळ आंबविलेली, मोहाची दारू गाळलेली. तिचा जोर कितीतरी अधिक. शिवाय शहरातील त्या एका पेल्याला आमच्याकडील मजुराच्या रोजंदारीहून अधिक पैसे पडतात. तेथे किंमतच पहारा करते, येथे कोणी करीत नाही. 1930 च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांनी भिल्ल बांधवांना दारू सोडावयास लावली, 1970 च्या दशकारंभी शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांतील मडकी फोडली. त्या स्त्रियांना कारागिरीचे कौतुक ऐकविण्याचे धाडस आमच्यात नाही. चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी पुरुषांची प्रेते आम्ही स्वतः मातीआड केली आहेत.

निघताना तरुणाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपण कोठे काम करतो हे आईला सांगू नये. ती "हॉटेलात" एवढेच जाणते. दुसरी, पुढच्या खेपेस मूठभर सुकी मोहफुले आणावीत. त्यांच्या मुख्य कारागिराला एका टाकीत ती घालून पाहावयाची आहेत.

फुले आमच्या कपाटात कागदी पिशवीत आहेत. पुण्याचे पुढचे बोलावणे नोव्हेंबरात आहे. नेऊ की नाही, अद्याप ठरलेले नाही.