वाहनातील स्त्री आणि आपल्या वाङ्मयाची भाषा

मराठी वाङ्मयाला प्रवासाचे वावडे कधीच नव्हते. बैलगाडी, आगगाडी, एस. टी., शहरातील बस, मुंबईची लोकल या सर्वांना आपल्या कथा-कवितांनी आणि ललित निबंधांनी मोकळ्या मनाने जागा दिली आहे. परंतु या वाहनांत बसलेली, किंवा बहुधा उभी असलेली, स्त्री आपल्या वाङ्मयात कोणत्या रूपाने वावरते असा प्रश्न विचारला, तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही. ती येते ती पाहिली जाण्यासाठी. स्वतः पाहताना ती क्वचितच भेटते.

पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ ही कथा कोणत्या मराठी वाचकाला ठाऊक नाही? एस. टी.च्या एका प्रवासात त्यांनी महाराष्ट्राचा एक अखंड नमुना उभा केला. त्या गाडीतील पुरुषांना नावे आहेत, व्यवसाय आहेत, बोलण्याच्या लकबी आहेत. त्यांच्या नजरा जिच्याकडे पुनःपुन्हा वळतात ती स्त्री मात्र ‘सुबक ठेंगणी’ या वर्णनानेच ओळखली जाते. वर्णन हेच तिचे नाव होऊन बसते. त्या कथेच्या निर्मळ आनंदाला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. विनोद पुरुषांच्या नजरेचाच आहे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही त्या नजरा अंगावर घेऊन इतके तास बसून राहणे म्हणजे काय, ही बाजू कथेबाहेरच राहते.

आधुनिक नगरकाव्याकडे वळले तर हाच प्रश्न अधिक खोल होतो. दिलीप चित्रे यांच्या एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेत वृद्ध बाप रात्रीच्या लोकलने घरी परततो. भोवती अबोल प्रवासी आहेत आणि तो स्वतःतच हरवला आहे. गर्दीतील हे एकाकीपण आपल्या नव्या कवितेचा जणू स्थायीभाव झाला आहे. पण असे हरवून जाण्यासाठी एक गोष्ट गृहीत धरावी लागते. आपल्या अंगाला कोणी हेतूने हात लावणार नाही, एवढा भरवसा शरीराला असावा लागतो. गर्दीच्या बसमध्ये उभ्या असलेल्या स्त्रीला तो नसतो. पिशवी कोणत्या खांद्यावर घ्यावी, कोपर कोठे ठेवावे, मागे कोण उभा आहे, उतरताना दाराशी किती माणसे आहेत, याचे भान तिला क्षणोक्षणी ठेवावे लागते. तिला एकाकीपण मिळते. तंद्री मिळत नाही. आमच्या नगरकाव्याने तंद्रीला माणसाची अवस्था मानले. वस्तुतः ती पुरुषाला मिळालेली सवलत होती, हे आमच्या टीकेच्या ध्यानी आले नाही.

या दुर्लक्षाचे एक कारण भाषेतच दडले आहे. बसमधून घरी आलेली मुलगी म्हणते, “धक्का लागला.” हे वाक्य व्याकरणाने तपासून पाहावे. त्यात कर्ता आहे तो ‘धक्का’. धक्का देणारा मनुष्य वाक्यात कोठेही नाही. ठेच लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, तसाच हा धक्का लागतो. म्हणजे निसर्गाच्या व्यापारात त्याची गणना होते. ऊन लागले तर सावलीत बसावे, तसे धक्का लागला तर त्या बसने जाऊ नये, हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला या व्याकरणातून अगदी सहज निघतो. मुलगी ‘धक्का दिला’ असे म्हणू लागली की ‘कोणी?’ हा पुढचा प्रश्न टाळता येत नाही. तो टाळता यावा म्हणूनच पहिले क्रियापद घरोघर रुळले असावे, अशी शंका येते.

‘छेड काढणे’ या शब्दप्रयोगाची गोष्ट निराळी नाही. सतारीची तारही छेडतात. खोडी काढावी तशी छेड काढतात. शब्दाच्या नादातच खेळकरपणा भरलेला आहे, आणि त्या खेळात जिला भाग घ्यायचा नव्हता तिचा संताप त्या शब्दात मावत नाही. कायद्याचा शब्द त्या मानाने गंभीर, पण तोही आडवळणाचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५४ ला मराठीने ‘विनयभंग’ हे नाव दिले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी विनयाची ही कल्पना कलम ७४ मध्ये टिकून आहे. या शब्दाप्रमाणे भंग पावतो तो स्त्रीचा विनय. तिचे शरीर, तिची इच्छा, तिचा वेळेवर कामावर पोचण्याचा साधा हक्क यांचा त्यात उल्लेख नाही. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री चालत्या बसमध्ये जे घडले त्यानंतर, २०१३ साली, कायद्याने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा मानला. कायद्याला नवा शब्द शोधावा लागला. वाङ्मयाने तो त्याआधी शोधावयास हवा होता.

पाठलागाचा विषय निघाला म्हणून चित्रपटाचे एक उदाहरण घेतो, कारण या बाबतीत तो आपल्या कथेच्या पुढे गेलेला दिसतो. बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) या हिंदी चित्रपटातील प्रभा मुंबईच्या बस-थांब्यावर उभी असते, आणि लाजाळू अरुण तिच्या मागे रांगेत, बसमध्ये, कचेरीपर्यंत जात राहतो. अमोल पालेकर यांनी तो भिडस्तपणा असा रंगवला आहे की आपला जीव त्याच्यावर जडतो. प्रभालाही हा पाठलाग कळतो आणि मनातून आवडतो, असे चित्रपट सांगतो. कलाकृतीला दंड संहितेच्या काट्यावर तोलू नये, हे खरे. तरी प्रभाला तो आवडला नसता तर त्या रांगेत ती काय करू शकली असती, हा प्रश्न कथानकाने उद्भवूच दिला नाही. गोडवा टिकला तो या मौनावर.

त्याच महानगरात जवळजवळ अर्धशतकानंतर दुसरी एक प्रभा आली. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (२०२४) या चित्रपटातील ही मल्याळी परिचारिका. कान महोत्सवात त्याला ‘ग्रां प्री’ हा सन्मान लाभला. त्यात मल्याळम्, हिंदी आणि मराठी या भाषा शेजारणींसारख्या नांदतात. ही प्रभा रात्रीच्या लोकलमध्ये उभी असते आणि आपल्याच विचारात बुडालेली असते. चित्रेंच्या बापाला मिळालेली तंद्री अखेर एका स्त्रीला मिळाली. पहिली प्रभा कोणाला तरी दिसत होती. दुसरीच्या डोळ्यांनी आपण शहर पाहतो. दोघींमधील अंतर हेच या विषयाचे मर्म आहे.

स्त्रियांच्या डब्यावर मराठीत ललित लेखन झाले आहे. भाजी निवडणे, हळदीकुंकू, भजने, वाढदिवस यांची वर्णने त्यात हौसेने येतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी लोकल धावू लागली, तेव्हापासून या हौसेला एक अख्खी गाडीच मिळाली. हे लेखन प्रसन्न आहे; पण त्या डब्याला भिंत का लागली, याची आठवण त्यात पुसट होते. काही डबे ठरावीक वेळेपुरतेच स्त्रियांचे असतात. वेळ सरली की तेथली मैफलही सरते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या इंग्रजी ग्रंथात मुंबईच्या संदर्भात नेमके या ठिकाणी बोट ठेवले आहे. सुरक्षिततेच्या नावाने स्त्रीला भिंत देणे निराळे, आणि विनाकारण बाहेर राहण्याचा हक्क देणे निराळे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो मराठी ललित लेखनाने मनावर घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकांवर याबाबत विशेष जबाबदारी येते. कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी आणि तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ रोजी राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून स्त्रियांना विनामूल्य प्रवास सुरू झाला. बेळगाव आणि हैदराबाद येथील मराठी स्त्री या घटनेची साक्षीदार आहे. तिकिटासाठी ज्यांना घरातून पैसे मागावे लागत होते त्या आता विचारल्यावाचून गाडीत चढू शकतात. त्याचबरोबर ‘फुकट’ या शब्दाचे टोमणेही त्यांच्या कानी पडतात. गर्दी वाढली, हक्क वाढला आणि उपहासही वाढला. कथेला यापेक्षा सकस बीज कोणते हवे?

मुंबई-पुण्याच्या वाङ्मयाने हा अनुभव लिहून द्यावा, अशी वाट पाहण्याचे कारण नाही. बेळगावच्या बसमध्ये कानडी आणि मराठी, हैदराबादच्या बसमध्ये तेलुगू, दखनी आणि मराठी एकाच दांड्याला धरून उभ्या असतात. तेथील एखाद्या लेखिकेने ‘धक्का लागला’ हे वाक्य आपल्या कथेतून काढून टाकावे आणि त्या जागी कर्ता असलेले वाक्य लिहावे. एवढ्याने बसमधील गर्दी कमी होणार नाही. पण घरी परतलेल्या मुलीला आपले म्हणणे सांगण्यासाठी एक वाक्य मिळेल, आणि भाषेला असे वाक्य मिळवून देणे हे वाङ्मयाचे काम आहे.