आदर आहे, वाचन नाही

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या आम्ही कितीतरी व्यासपीठांवरून ऐकल्या आहेत. परंतु 'ख्रिस्तपुराणा'तील त्यांखेरीज एखादी ओवी कोणी विचारली, तर आमच्यापैकी बहुतेकांची मान खाली जाते. ग्रंथ आहे सुमारे ११,००० ओव्यांचा!

भाषा जुनी, तीत कोकणी शब्दांची मिसळण, ही अडचण खरी. तथापि दोष आमच्या वाचनपद्धतीकडेही जातो. १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेले हे पुराण मुळात श्रोत्यांसाठी रचलेले. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी ऐकावयास काही द्यावे, अशी विनवणी आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना करतो. आम्ही मात्र ते मुक्याने आणि अनुक्रमे वाचू जातो, आणि पहिल्या पुराणातील, उत्पत्तीपासूनच्या दीर्घ कथनातच थकतो. ते कथन काही ठिकाणी नीरस आहे, हे कबूल करण्यात अनादर नाही.

दुसऱ्या पुराणातील प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग मोठ्याने वाचावेत. तीन चरणांचे यमक कानी पडले, की आखूड चौथ्या चरणाशी श्वास आपोआप थांबतो आणि अडलेला अर्थ पुष्कळदा तेथेच उलगडतो. एका उपवासकाळात आम्ही घरी रोज सायंकाळी तसे वाचले. शब्द आम्हांला अडत होते, अक्षरओळख नसलेल्या आमच्या आजींना नव्हे. त्या म्हणाल्या, "थांबलास का? पुढे वाच."