बंदिवानाचा दिवाणी दावा आणि खर्चाचा हुकूम : टिळकांच्या दोन दाव्यांच्या अनुषंगाने

लोकमान्य टिळकांच्या चरित्रग्रंथांत १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांना जितकी पाने मिळाली, तितकी त्यांच्या दिवाणी दाव्यांना मिळाली नाहीत. जेथे मिळाली तेथेही दाव्याचा खर्च हा विषय ‘लोकांनी वर्गणी काढून कर्ज फेडले’ या एका वाक्यात आटोपलेला दिसतो. त्यामुळे वाचकाच्या मनात कृतज्ञतेचा भाव निर्माण होतो; परंतु कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला प्रश्न झाकला जातो. ज्याने आयुष्याची काही वर्षे तुरुंगात काढली, त्याच्या दिवाणी दाव्याचा खर्च कोणी सोसावा, आणि तो ठरविताना न्यायालयाने त्याच्या बंदिवासाची दखल घ्यावी किंवा कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला दावा ताईमहाराज प्रकरणाचा. पुण्यातील सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी मृत्यू पावले. मृत्युपत्रान्वये नेमलेल्या विश्वस्तांत टिळक होते, आणि त्या वेळी ते स्वतः राजद्रोहाच्या आरोपाखाली जामिनावर होते. पुढच्याच महिन्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे विश्वस्तपदाची सुरुवातच कारावासाने झाली. १९०१ साली औरंगाबाद येथे झालेले जगन्नाथाचे दत्तविधान खरे की नंतर कोल्हापूरकडील बाळामहाराजांचे खरे, या वादातून टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दाव्यात पुण्याच्या प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीशांनी ३१ जुलै १९०६ रोजी टिळकांच्या बाजूने निकाल दिला. उच्च न्यायालयाने १९१० मध्ये तो फिरविला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेरीस २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. लॉर्ड शॉ यांच्या निकालपत्रातील एक मुद्दा वकिलांच्या आजही परिचयाचा आहे : साक्षीदाराचे पूर्वीचे लेखी कथन त्याच्याविरुद्ध वापरावयाचे असेल, तर ते त्याच्यासमोर ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे.

जिंकलेल्या दाव्यात खर्चाचा प्रश्न उरत नाही, असे वरवर वाटेल. तसे नाही. विश्वस्ताला विश्वस्तनिधीच्या कामी केलेला योग्य खर्च निधीतून परत मिळावा, हे तत्त्व १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये आहे. पण वादाचा विषयच निधीचा खरा वारस कोण हा असतो, तेव्हा अंतिम निकालापर्यंत विश्वस्ताला पदरमोड करावी लागते. येथे तो काळ चौदा वर्षांचा झाला, आणि त्यातील सहा वर्षे विश्वस्त समुद्रापलीकडील कोठडीत होता. न्यायालये जो खर्च मंजूर करतात त्यात मुद्रांक, समन्स, वकिलाची ठराविक फी यांचा हिशेब असतो. मंडालेहून सल्ला देता न येणे, कागद स्वतः पाहता न येणे, याला खर्चाच्या तक्त्यात रकाना नाही.

दुसरा दावा सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धचा. त्यांचे ‘इंडियन अनरेस्ट’ १९१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा टिळक मंडालेस होते. पुस्तकातील बदनामीकारक मजकुराबद्दल दावा करण्याची पावले त्यांनी सुटकेनंतर १९१५ मध्ये उचलली. तो लंडनमध्ये का केला, याची उत्तरे चरित्रकार इंग्रज ज्यूरीवरील टिळकांच्या विश्वासात शोधतात. ते कारण खरे असेलही. पण एका कोरड्या कलमाकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानुसार हिंदुस्थानात लेखी बदनामीच्या दाव्यास एक वर्षाची मुदत होती. अज्ञान, वेडा आणि जडबुद्धी यांना कलम ६ मुदतीत सवलत देते. बंदिवानाला देत नाही. मूळ प्रकाशनापुरती हिंदुस्थानातील मुदत मंडालेतच संपली होती. इंग्लंडमध्ये ती सहा वर्षांची होती. म्हणजे कारावासाने टिळकांना जवळचे व स्वस्त न्यायालय नाकारले आणि दूरचे, महागडे तेवढे शिल्लक ठेवले. (१९६३ च्या मुदत अधिनियमातही कैदी या सवलतीबाहेरच आहे, हे येथेच नोंदवून ठेवतो.)

सुनावणी २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे सुरू झाली. चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन, टिळकांतर्फे सर जॉन सायमन. बचावाचा सारा भर वादीच्या पूर्वीच्या शिक्षांवर होता. २१ फेब्रुवारीस निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला आणि इंग्लंडच्या प्रघाताप्रमाणे त्यांचा खर्चही टिळकांवर आला. एकूण बोजा चरित्रकार सुमारे तीन लाख रुपयांचा सांगतात. तो फेडण्यासाठी महाराष्ट्रात वर्गणी जमली.

या खर्चाच्या हुकुमावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, चिरोल हे खाजगी प्रतिवादी असले तरी त्यांच्या बचावास मुंबई सरकारच्या कागदपत्रांचे व अधिकाऱ्याचे साहाय्य होते. ज्या सरकारने वादीला सहा वर्षे कोंडले, तेच प्रतिवादीच्या मागे उभे होते. तराजूच्या त्या पारड्यातील वजन कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही. दुसरा अधिक मूलभूत आहे. ‘हरणाऱ्याने खर्च द्यावा’ हा नियम दोन्ही पक्ष सारख्याच अंतरावरून न्यायालयात येतात असे गृहीत धरतो. बंदिवासाने ते अंतर वाढलेले असते. अर्थात नियमाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही : विनाकारण ओढल्या गेलेल्या प्रतिवादीने स्वतःच्या खिशातून का द्यावे? चिरोलच्या प्रकाशकाचे नुकसान खोटे नव्हते. म्हणून नियम मोडीत काढावा, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे कारणांविषयी आहे.

सध्याच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ पाहावे. खर्च कोणी द्यावा हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. परंतु खर्च निकालामागे जाऊ नये असे ठरविल्यास लेखी कारणे द्यावी लागतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, कैद्यावर खर्च लादणाऱ्याला कलम काहीच विचारीत नाही. त्याला सूट देणाऱ्याने मात्र समर्थन करावयाचे. आदेश ३३ निर्धन वादीला न्यायालय शुल्कातून मोकळे करतो, प्रतिपक्षाच्या खर्चातून नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ अभिरक्षेत असलेल्या व्यक्तीस मोफत विधी सेवेचा हक्क देते. हरल्यानंतर काय, याविषयी ते कलम बोलत नाही.

याहून विलक्षण तरतूद १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या आदेश १६-अ मध्ये आहे. तुरुंगातील व्यक्तीला साक्षीसाठी न्यायालयात आणावयाचे, तर ज्याच्या लाभासाठी हुकूम काढावयाचा त्याने पहाऱ्याचा व प्रवासाचा खर्च आगाऊ भरावयाचा. अंतर पंचवीस किलोमीटरांहून अधिक असेल, तर कमिशनवरील साक्ष पुरेशी ठरणार नाही अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज हुकूमच निघत नाही. येरवड्याहून शिवाजीनगरच्या न्यायालयाचे अंतर त्या मर्यादेत बसते. पण स्वतःच्या दाव्यात स्वतः साक्ष देऊ इच्छिणाऱ्या येरवड्यातील कैद्याने आपल्याभोवतीच्या पहाऱ्याचे पैसे आधी भरावेत, हा विचार पचण्यास कठीण आहे. पहारा त्याने मागितलेला नाही. तो राज्याची गरज आहे.

याच संहितेत एक उलटे उदाहरणही आढळते. कर्ज न फेडणाऱ्या ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवावयाचे असल्यास त्याच्या निर्वाहाचा भत्ता धनकोने भरावा, असे आदेश २१, नियम ३९ सांगतो. ही रक्कम पुढे दाव्याच्या खर्चात धरली जाते, पण केवळ तिच्यासाठी ऋणकोला तुरुंगात ठेवता येत नाही. कोंडण्याचा हक्क ज्याचा, कोंडण्याचा आगाऊ खर्च त्याचा, हे तत्त्व संहितेला अपरिचित नाही. सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निर्णयात कैद्याच्या वकिलाची फी खटला चालविणाऱ्या राज्याने द्यावी असे म्हटले, ते फौजदारी अपिलाच्या संदर्भात. दिवाणी बाजूस ते ओलांडून आलेले नाही. आदेश १६-अ च्या खर्चाबाबत आणि कलम ३५ खालील कारणांबाबत ते यावे, यासाठी संहितेत दुरुस्तीची प्रतीक्षा करण्याचे कारण दिसत नाही. कलम ३५ मधील अधिकार १९०८ पासून न्यायाधीशांच्या हाती आहेच.